पहिली वेलांटी

"खोली घ्या गुरुजी, पन येक आदीच सांगतो. माझा भाऊ चोर हाय. सद्या आत हाय. सुटला की हितंच येतो. तवा तांब्या-भांडं आत ठिवत चला."

खोली भाड्याने देताना घरमालक विहिरीचं पाणी गोड आहे म्हणतो, शेजार चांगला आहे म्हणतो. भिकाजीनानांनी मला हे सांगितलं आणि मग किल्ली पुढे केली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नगरच्या कारकुनी घरातला, जामखेडच्या मराठी शाळेत नुकताच बदलून आलेला. गावात दुसरी खोली मिळत नव्हती म्हणून ती घेतली आणि पहिले चार दिवस तांब्या उशाशी घेऊन झोपलो. लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. त्या खोलीत मी पुढे सात वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची चार तर मी नानांच्याच चुलीवरचं जेवत होतो. हे मी नगरला आईला कधी कळवलं नाही.

नाना भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांची भांडी त्यांच्या ओट्यावर येत. ताटं, तांबे, घागरी, परातीसुद्धा. मामाने दिलेलं असो की आत्याने, देणाऱ्याचं आणि घेणारीचं नाव भांड्यावर पडल्याशिवाय ते भांडं मुलीचं झालं असं कुणी मानत नसे. नाना गोणपाटावर बसत, भांडं दोन गुडघ्यांत धरत आणि पोलादी खिळ्यावर चिमुकली हातोडी टकटक चालवत. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उठे. आधी खडूने आखून घेणं वगैरे भानगड नाही. नाव एकदा तोंडाने म्हणायचे, मग विचारायचे, "पोरगी कुटं दिली?" गाव फार कोरडं असलं तर मान हलवून म्हणायचे, "पानी लांब हाय तितं. घागर हलकी घ्याया पायजे हुती." घागर घेऊन झालेली असे, त्यामुळे मुलीच्या बापाला याचा राग यायचा. पण नानांना ते कधी उमगलं नाही.

इतक्या लग्नांची भांडी त्यांच्या हातून गेली, पण लग्नाला त्यांना कुणी बोलावत नसे. बोलावलं तरी ते जात नसत. एकदा गेले होते म्हणे, तेव्हा पंगत उठल्यावर घरच्या बाईने त्यांच्यादेखत वाट्या मोजल्या. त्यानंतर लोक आपलं बुंदीचा द्रोण ओट्यावर आणून ठेवायचे. नाना तो द्रोण खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवून काम करत राहायचे आणि संध्याकाळी मला हाक मारायचे, "गुरुजी, लगीन लागलं, या."

त्यांचं स्वतःचं लग्न एकदा ठरलं होतं. धोंडी पहिल्यांदा पकडला गेला आणि मोडलं. त्या मुलीच्या भांड्यांवर नाव नानांनीच घातलं होतं. वर्षाने तिचं दुसरीकडे जमलं, तेव्हा त्याच भांड्यांवर नवऱ्याचं नाव घालायलाही ती माणसं नानांकडेच आली, कारण तालुक्यात दुसरा कुणी नव्हता. मी विचारलं, "मग काय केलंत?" नाना म्हणाले, "घातलं की. नाव लांब हुतं. बसवाया त्रास झाला."

धोंडी म्हणजे त्यांचा भाऊ. आईची आधीची मुलं जगली नाहीत म्हणून तिने एकाचं नाव भिका ठेवलं, एकाचं धोंडी. मरणाला मोह पडू नये अशी नावं. दोघे जगले, पण धोंडी चार वर्षांचा असताना आईच गेली. बाप त्याआधीच गेला होता. नाना तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनीच धोंडीला भरवलं, न्हाऊ घातलं, खरूज झाली तेव्हा कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं. शाळेतही घातलं, पण दुसऱ्याच महिन्यात धोंडीने शाळेची घंटा विकली.

आत हाय, हा नानांचा शब्द. तुरुंग हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि ते अशा सुरात म्हणत की नवख्याला वाटावं, धाकटा भाऊ माजघरात आहे, हाक मारली की बाहेर येईल.

माझी आणि नानांची ओळख वाढली ती भांडणातून. मला शुद्धलेखनाचा फार ताठा होता. चुकीची वेलांटी दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नसे. आणि इथे माझ्या दारासमोर एक माणूस दिवसभर चुका ठोकत बसलेला, त्याही पितळेवर. सीताबाईला पहिली वेलांटी, गीतेला पहिली, विठ्ठलाला दुसरी. मी शाळेतून येताना ओट्यापाशी थांबायचो आणि चिडायचो. "नाना, अहो, ही वेलांटी अक्षराच्या आधी नाही, मागून येते!" नाना भांडं उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "आता तर ठोकली गुरुजी. पुढल्या सीतेला मागं घालू."

आणि खरंच, हळूहळू त्यांनी सुधारणा केली. दोन वर्षांत सीता शुद्ध झाली, गीता झाली, विठ्ठल ताळ्यावर आला. एक भागीरथी तेवढी बधली नाही. त्या मधल्या गी ला ते पहिलीच वेलांटी देत. भागिरथी. मी फार मागे लागलो तेव्हा त्यांनी मला घरात नेलं आणि फळीवरचं एक ताट खाली काढलं. जुनं, जड पितळी ताट, काठाला एक बारीक पोचा. त्यावर ओबडधोबड ठिपक्यांत 'भागिरथी' असं लिहिलेलं.

"आईचं," नाना म्हणाले. "नाव बापानं घातलं. बापाला येवढंच लिवाया येत हुतं. मी अक्षरं ह्याच्यावर बोट फिरवून शिकलो. माझी पाटी हीच. समदी दुरुस्त केली गुरुजी, ही येक राहू द्या. ही बापाची चूक हाय."

दर शनिवारी नाना ते ताट चिंच लावून घासत आणि परत फळीवर ठेवत. स्वतः त्यात कधी जेवत नसत. ते ताट धोंडीचं होतं. तो सुटून आला की त्यात जेवायचा.

धोंडीला मी पहिल्यांदा बघितलं ते मामलेदार कचेरीत. गावात आल्यावर सहा-सात महिन्यांनी, म्हणजे सीताबाई शुद्ध व्हायच्या आधीची ही गोष्ट. मध्ये धोंडी सुटून चार दिवस आला होता म्हणे, तेव्हा मी सुट्टीत नगरला होतो. परत येतो तर तो पुन्हा पकडलेला. लढाईमुळे तांब्यापितळेचे भाव भडकले होते. चोरलेलं भांडं रातोरात मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, हद्दीत नेलं की तिकडे कुणी विचारत नसे. हद्द चालत जाण्याइतकी जवळ. धोंडीने एक घागर नेली होती आणि तिच्यावरचं नाव कानशीने खरवडलं होतं. घागर कुणाची ते ठरवायला नानांना साक्षीला बोलावलं होतं. कचेरी शाळेला लागूनच, म्हणून मीही मधल्या सुट्टीत डोकावलो.

नानांनी घागर उन्हाकडे धरली, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सीताबाईची हाय साहेब. नाव मीच घातलंय."

"नाव तर पुसलंय. तू कशावरून ओळखलंस?"

"चुकीवरनं."

मामलेदारसाहेबांनी वर बघितलं.

"बरोबर लिवलेलं कुनाचंबी आसंल साहेब. चुकलेलं माझं. सीतेला मी पयली वेलांटी देतो. हे बगा, स च्या आदी उभी रेघ जरा दिसती. आमचे गुरुजी रोज रागं भरत्यात त्याच्यापायी." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला आणि सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. आरोपीच्या जागी उभा असलेला धोंडीसुद्धा. तो हसला. नाना मात्र हसले नाहीत. धोंडीला सहा महिने झाले.

बाहेर आल्यावर नानांनी हवालदाराला विचारून धोंडीच्या हातात भाकरी-चटणीचं फडकं दिलं. "पानी पीत जा," एवढंच म्हणाले. धोंडीला घेऊन मोटार गेली. नाना घरी आले, ओट्यावर बसले आणि अर्धवट राहिलेली एक परात पुरी केली. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. सख्ख्या भावाला आत घालून हा माणूस खिळा ठोकत कसा बसतो, असं वाटलं. माझं वयच तसं होतं.

पुढे कळत गेलं. धोंडी सुटायच्या दिवशी नाना दुकान बंद ठेवत. मोटारअड्ड्यावर जाऊन उभे राहत. ती गाडी कोळशावर चालायची, कधी चार तास उशिरा यायची, कधी यायचीच नाही. नाना उभेच. बसायला सांगितलं तर म्हणायचे, "बसल्यावर दिसत न्हाई." धोंडी उतरला की आधी न्हाव्याकडे, मग आडावर, मग घरी. पिठलं, भाकरी, कांदा, ठेचा. आणि आईचं ताट. जेवताना दोघे एक अक्षर बोलत नसत. जेवण झालं की नाना विचारायचे, "आता ऱ्हाशील का?" धोंडी म्हणायचा, "ऱ्हातो की." मग तो महिना-दोन महिने राहायचा. भाता ओढायचा, फुटक्या भांड्यांना डाग द्यायचा, भांडी पोचवायला मात्र त्याला कुणी येऊ द्यायचं नाही. आणि एक दिवस नसायचा.

मी एकदा त्याला सरळच विचारलं, "का करतोस रे?"

"हात जातो गुरुजी," तो म्हणाला. "मागनं मी जातो."

"आणि भाऊ दर वेळी तुझ्याविरुद्ध साक्ष देतो, त्याचा राग येत नाही?"

धोंडी तीसएक वर्षांचा असेल, पण खोकल्याने पोक काढून बसायचा. म्हणाला, "गुरुजी, मला चोर म्हननारे लई हायती. ते भाकर देत न्हाईत. आत भाकर मिळती, पन ती सरकारची. चोर म्हनतो आन ताटबी वाढतो, आसा मुलखात येकच मानूस हाय. तो खोटं बोलाय लागला तर मी कुनाकडं येऊ?"

मला हे बोलणं तेव्हा चोराचा शहाणपणा वाटलं होतं.

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या हिवाळ्यात मी नानांबरोबर धोंडीच्या भेटीला गेलो. नगरपर्यंत मोटार, पुढे रेल्वे, पुढे पायी. एरवी नाना एकटेच जायचे, त्या वेळी म्हणाले, "अर्जावर नाव लिवायचं आसतं गुरुजी. चुकलं तर भेटू देत न्हाईत." म्हणून मी गेलो. तुरुंगाच्या दाराबाहेर मोठी रांग होती. पण रांगेत सगळी खादीची माणसं. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, सत्याग्रहात धरलेले. लोक एकमेकांना तिळाच्या वड्या वाटत होते, एकमेकांचे पत्ते घेत होते. मी इतका आनंदी घोळका त्याआधी बघितला नव्हता. आमच्या पुढे एक प्रौढ बाई होत्या. नानांचं धोतर, पागोटं, हातातलं फडकं बघून त्या वळल्या आणि फार आदराने म्हणाल्या, "आपलं कोण?"

"धाकला भाऊ."

"किती वेळा झाला हो तुरुंगवास?"

"पाचवी खेप."

बाईंनी हात जोडले. "धन्य ती आई," असं म्हणून त्यांनी नानांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या. मागेपुढे बातमी गेली, पाच वेळा, पाच वेळा. एक म्हातारे गृहस्थ नानांच्या पाया पडायला वाकले.

नानांना ते सहन झालं नाही. ते मागे सरले आणि म्हणाले, "न्हाई न्हाई, तसं न्हाई बाई. माझा भाऊ भांडी चोरतो."

कुणी काही वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. ती चांगलीच माणसं होती. फक्त नानांच्या भोवती हातभर, दोन हात जागा मोकळी झाली आणि रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकली. आणि मी, ज्याने अर्ज लिहायला म्हणून बरोबर यायचं कबूल केलं होतं, तो मी कुणाला तरी वेळ विचारायच्या निमित्ताने चार पावलं लांब गेलो. नानांनी ते बघितलं. हातातल्या दोन वड्यांचं काय करावं ते त्यांना कळेना. परत द्याव्यात तर बाईंची पाठ होती. शेवटी त्यांनी त्या फडक्यात धोंडीसाठी बांधल्या.

परतीच्या वाटेवर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "तुमची नोकरी हाय गुरुजी." आणि विषय संपला. त्या चार पावलांची लाज मला अजून वाटते. त्या दिवसानंतर मी नानांकडे जेवायला लागलो. ते काही प्रायश्चित्त नव्हतं. तसं जेवण मला दुसरीकडे मिळत नव्हतं हेही खरं आहे. पण मी जेवायला बसलो की नानांच्या घरात दोन माणसं असत, एवढं मात्र झालं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी धोंडी शेवटचा पकडला गेला. मोगलाईच्या वाटेवर, झोळीत एक पितळी ताट. जवळच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाचं ताट गेल्याची तक्रार केलेली होती. त्या ताटावर नाव नानांनीच घातलं होतं. नवरीचं नाव भागीरथी.

फौजदार भला माणूस होता. तो आदल्या दिवशी ओट्यावर येऊन सांगून गेला, "नाना, ही खेप निराळी आहे. जुन्या सगळ्या शिक्षा जोडून प्रकरण वर नगरला जाईल. सात वर्षांच्या खाली येत नाही." आणि जाताना हळूच म्हणाला, "त्याला आता रक्त पडतं खोकताना. तुम्हाला ठाऊक असेल."

नानांना ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला वाढलं, स्वतः वाढून घेतलं नाही. फळीवरच्या ताटाकडे बघत बसले. "सात वर्सं न्हाई निगायचा तो," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही साक्षीला नाही गेलात तर?" "न्हाई गेलो तर शेतकरी म्हननार, भिकानं भाऊ पाठीशी घातला." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "आन गेलो तर?" हे ते मला विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून कचेरीत गेलो. धोंडी भिंतीला टेकून उभा होता. नानांच्या हातात ताट दिलं. नाव घासून टाकलेलं, पण ग च्या आधी पहिल्या वेलांटीची रेघ बारीकशी राहिली होती. ती माझ्या जागेवरूनसुद्धा मला दिसली. माझी नजर आता त्याला सरावली होती. शेतकरी, त्याची बायको आणि नुकतंच लग्न झालेली मुलगी, तिघंही बाकावर होती. नाना आता काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हे ताट आमच्या घरचं हाय साहेब. आमच्या आईचं. भागिरथीबाई आमच्या आईचं नाव."

मामलेदारसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "मग नाव कुणी घासलं?"

"धोंडीनंच घासलं आसंल, इकाया न्हेत आसंल. घरचंच न्हेलं. माझी तक्रार न्हाई."

शेतकऱ्याला विचारलं. नगरच्या बाजारातली ताटं सगळी सारखीच, शपथेवर कसं सांगणार? आणि साक्ष तर भिकाजीनानांची, जो इतकी वर्षं सख्ख्या भावाला सोडत नव्हता. अशा माणसाचा शब्द कोण खोटा म्हणणार? ताट नानांना परत मिळालं आणि धोंडी सुटला.

आईचं ताट घरातून हललंच नव्हतं. हे त्या कचेरीत तीनच माणसांना ठाऊक होतं, त्यांपैकी एक मी. मी खाली बघत राहिलो.

आम्ही तिघे घरी आलो. नानांनी दिवेलागणीला पिठलं टाकलं. मी म्हटलं, मी जातो खोलीत, तर त्यांनी हाताने बसायची खूण केली. धोंडीपुढे त्यांनी कचेरीतून आणलेलं ताट मांडलं.

धोंडीने फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती. "नाना, आईचं ताट कुटाय?"

"हेच आईचं ताट," नाना म्हणाले. "कोडतात सांगितलंय."

कोपऱ्यात, नानांच्या उपरण्यात काहीतरी गोल, जड असं बांधून ठेवलेलं मला दिसलं. धोंडीलाही दिसलं असणार. त्याने समोरच्या ताटावर, त्याने स्वतःच घासलेल्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "नाना, मला चोर म्हन."

"जेव."

"येकदा म्हन."

"जेव रं धोंडी, निवतंय."

धोंडी जेवला. सगळं जेवला, ताट पुसून जेवला. पण "आता ऱ्हाशील का?" हे नानांनी त्या दिवशी विचारलं नाही.

पहाटे उठून नाना उपरण्यातलं गाठोडं घेऊन त्या वाडीवर गेले. शेतकऱ्याच्या दारात ताट ठेवलं, म्हणाले, "पोरीचं ताट गेलं, हे घ्या. नाव तेच हाय." शेतकऱ्याने जुनं, पोचा आलेलं ताट बघितलं, त्यावरचे ओबडधोबड ठिपके बघितले. त्याला सगळं कळलं. हे पुढे त्यानेच मला बाजारात सांगितलं. तो म्हणाला होता, "नाना, हे आमचं न्हाई." नाना म्हणाले होते, "आता तुमचंच."

ते परत आले तेव्हा उन्हं वर आली होती. धोंडी गेला होता. जाताना त्याने काही नेलं नव्हतं. सगळी भांडी जागच्या जागी होती. नानांनी ती एकेक हात लावून पाहिली. काहीतरी नेलेलं असतं तर बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा होता. भांडं गेलं असतं तर भांड्यामागे फौजदार गेला असता, आणि धोंडी कुठे ना कुठे सापडला असता.

तो परत आला नाही. आतही नव्हता. नानांनी फौजदाराकडून विचारपूस केली, अर्ज माझ्याकडून लिहून घेतले. कुठेच त्याचं नाव लागलं नाही. मोगलाईत कुणी एका बाजारात बघितला म्हणे, कुणी म्हणे तो दुसराच. तरी सुटका व्हायच्या दिवशी उभे राहत तसे नाना बाजारच्या वारी मोटारअड्ड्यावर उभे राहायला लागले. नावं घालायचं काम त्यांनी सोडलं. लोकांना सांगायचे, हात कापतो. हात कापत नव्हता, मी रोज बघत होतो. कचेरीत ज्याने खोटं सांगितलं त्याने दुसऱ्याच्या भांड्यावर खरं नाव कसं घालावं, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी एकदा म्हणालो, "नाना, तुम्ही त्याला वाचवलंत." ते म्हणाले, "व्हय. पन घर मोडून वाचवला."

पुढच्या वर्षी माझी सोनईला बदली झाली. निघायच्या सकाळी ट्रंक मोटारीवर चढवून निरोप घ्यायला आलो, तर नाना ओट्यावर गोणपाट टाकून बसले होते. गुडघ्यांत ते घासलेलं ताट. शेजारी खिळा, हातोडी. कितीतरी महिन्यांनी मी ती बाहेर बघत होतो.

"गुरुजी, बरं झालं आला. येक इचारायचं हुतं." त्यांनी ताटावरची घासलेली जागा धोतराच्या सोग्याने पुसली. "मुलखाची नावं घातली, पन ह्याचं नाव मी कदी कशावर घातलंच न्हाई. धोंडीला वेलांटी कंची? पयली का दुसरी?"

"दुसरी, नाना. शेवटी नेहमी दुसरी."

"म्हंजी मागनं येनारी."

"हो."

त्यांनी मान हलवली. नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि खिळा टेकवला. धों झाला. मग त्यांनी ड च्या मागे जागा न सोडता ड च्या आधीच उभी रेघ घ्यायला सुरुवात केली. ठिपक्यामागून ठिपका, सावकाश.

मी पुढे वाकलो. एक भागिरथी वगळता सात वर्षांत या ओट्यावरची एकही वेलांटी मी सोडली नव्हती.

नानांनी वर बघितलं नाही. "ठाऊक हाय गुरुजी," ते म्हणाले. "बरोबर घातलं तर कुनाचंबी व्हईल."

मोटारवाल्याने भोंगा वाजवला. मी काही दुरुस्त केलं नाही.